नवरीच्या भावाचा बोर्ड

रत्नागिरीला मी पाट्या रंगवायला आलो. कोकणातली रेल्वे नुकतीच सुरू झाली होती आणि आमच्या सोलापूरकडच्या एका ठेकेदाराला पाट्यांचं थोडं काम मिळालं होतं. मी सातवीतून शाळा सोडलेली. अक्षर बरं, वाचन बेताचं. काम संपलं, ठेकेदार गेला, मी राहिलो. का राहिलो ते आजही नीट सांगता येत नाही. घरी परत जाऊन काय सांगायचं हे ठरत नव्हतं, आणि ते ठरेपर्यंत चार महिने निघून गेले.

भाट्ये गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला एका निवृत्त मास्तरांचं चिऱ्याचं घर होतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला मागची पडवी राहायला दिली आणि फाटकाजवळची शेड कामाला. ओळख ना पाळख. पहिल्याच आठवड्यात मला ताप भरला तर त्यांनी तीन दिवस पेज करून पाठवली. ती पेज मी विसरलेलो नाही. पुढचा सगळा घोळ त्या पेजेमुळेच झाला असंही मला कधीकधी वाटतं.

मी मूळचा घाबरट. त्यात इथलं बोलणं उमगायचं नाही. शब्द मराठीच, पण सूर असा की माणूस विचारतोय की सांगतोय तेच समजेना. दुकानदार म्हणायचा, "बघूया हां," आणि मी दोन दोन दिवस वाट बघत बसायचो. ते "बघूया" म्हणजे नाही, हे कळायला मला वर्ष लागलं. बंदरावर होड्यांची नावं रंगवायला बोलवायचे, तिथेही तेच. सगळे हसले की मीही हसायचो, कशाला ते न कळता.

काकूंचा मुलगा मात्र मला समजायचा. तो तेव्हा विशीत होता. रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शेडमध्ये यायचा, रंगाच्या उपड्या डब्यावर बसायचा आणि माझ्याकडे न बघता अक्षरांकडे बघायचा. "ळ वाकडा आहे," म्हणायचा. असायचाच. त्याच्या बोलण्यामागे दुसरं काही शोधायला लागायचं नाही. लोक त्याला "जरा कमी आहे" म्हणत, कधी पाठीमागे, कधी तोंडावर. त्याने मला एकदा आपणहून सांगितलं, "मला ऑटिझम आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. बाबांनी तो कागद कपाटात ठेवलाय." तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. विचारावं तर काय विचारायचं तेही सुचेना, म्हणून मी ब्रश धुवायला घेतले.

विहिरीच्या पंपाजवळ मास्तरांनी एक पुठ्ठा लावला होता. 'पंप वापरताना योग्य ती काळजी घ्यावी.' एक दिवस त्याने मला तिथे नेलं आणि विचारलं, "काळजी म्हणजे हाताने काय करायचं?" मलाही सांगता येईना. मग त्याने विचारत जावं, मी पंप चालवून बघावा आणि लिहावं, असं करत आम्ही पत्र्यावर एक बोर्ड केला. आधी विहिरीत वाकून पाणी बघ. पाणी तिसऱ्या पायरीच्या खाली असेल तर पंप लावू नकोस. बटण वर. टाकी भरायला पंचवीस मिनिटं लागतात. बटण खाली. त्या दिवसापासून घराचा पंप त्याने चालवला आणि त्यावरून घरात होणारी आरडाओरड बंद झाली. मास्तरांनी स्वतःचा पुठ्ठा काढून टाकला. त्यांना राग आला होता की नव्हता, मला कळलं नाही.

चारेक वर्षांनी त्याच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. घरच्या खळ्यातच, म्हणजे पुढच्या अंगणात, मांडव घालायचा होता. एका दुपारी काकूंनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. दोन वर्षांपूर्वी एका मुंजीत बॅन्ड एकदम सुरू झाला तेव्हा हा कान झाकून खाली बसला होता, उचलायला आलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांना त्याने ढकललं होतं आणि ते पडले होते. त्यावरून लोक अजून बोलत.

"तू घरचाच म्हणून सांगते," काकू म्हणाल्या. "लग्नाआधीच्या गुरुवारी त्याला एस्टीने दापोलीला आत्याकडे सोडून ये. त्याला काही बोलू नकोस. बागा बघायला जायचंय म्हण. त्याच्याचसाठी रे. गर्दी सोसत नाही त्याला."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दुसऱ्याच दिवशी नऊ दहाला तो लग्नाची पत्रिका घेऊन आला. एकेक ओळीवर बोट ठेवून अर्थ विचारायला लागला. 'श्रीकृपेकरून' म्हणजे कोणी काय केलं? 'अगत्य येण्याचे करावे' म्हणजे या, एवढंच का? मुहूर्त अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांचा होता, तो त्याला फार आवडला. मग बोट 'सहकुटुंब सहपरिवार' वर आलं.

"मी परिवारात आहे का?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, हो, आहेसच की.

होमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या तिचा भाऊ घालतो, असं भटजींनी ताईला सांगितलेलं त्याने ऐकलं होतं. दुसरा सख्खा भाऊ नाही. म्हणजे लाह्या त्यालाच घालायच्या होत्या. त्यासाठी त्या दिवशी काय काय होणार ते सगळं क्रमाने लिहिलेला बोर्ड त्याला हवा होता. मी विचार केला, करून द्यावा, त्यात कुणाचं काय जातं. गुरुवारला अजून बारा दिवस होते. मी बसलो आणि लिहून दिला.

तो बोर्ड घेऊन घरात गेला आणि दहा मिनिटांत परत आला. "सगळं चुकीचं आहे. ताई हसते आहे."

मी आमच्या गावचं लग्न लिहिलं होतं. संध्याकाळी मारुतीच्या पारापासून नवऱ्याची वरात, मग अक्षता, मग जेवणावळी. लाह्या आमच्यात नाहीतच. इतकी वर्षं इथे राहून यांच्या लग्नात काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

मग आम्ही दोघे भटजींकडे गेलो. मी न लाजता विचारू शकत होतो, कारण मी परका. हा विचारत होता कारण त्याला जाणून घ्यायचं होतं. बॅन्ड कधी वाजणार, कधी थांबणार. अक्षता अंगावर पडतात त्या टोचतात का. धूर कुठल्या बाजूला जातो. लाह्या किती वेळा, कुठल्या हाताने. भटजी आधी मजेत उत्तरं देत होते, मग हळूहळू गंभीर झाले. "अरे, धूर कुठे जातो ते पोथीत नाही," म्हणाले, "थांब, आठवू दे मला." शेवटी कानपिळीवर आलो. लाह्या झाल्या की भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट वागव म्हणून. याने विचारलं, "किती पिळायचा?" भटजींनी उठून माझा कान धरला आणि पिळून दाखवला. तो बारकाईने बघत होता. पुढे चार दिवस रोज सकाळी तो मला विचारायचा, "पिळू का?" मी हो म्हटल्यावर एकदा पिळायचा आणि म्हणायचा, "एवढं."

भटजींनी सांगितलेलं सगळं मी पहिल्या बोर्डवर नव्याने, क्रमाने लिहिलं. त्यानंतर त्याने दुसरा बोर्ड सांगितला. हा पाहुण्यांसाठी. मजकूर त्याने वहीत लिहून आणला होता.

'मी नवरीचा भाऊ आहे. मला मिठी मारू नका. पाठीवर थाप मारू नका. बोलायचं असेल तर समोरून या. एका वेळी एकच गोष्ट विचारा. उत्तराला वेळ लागतो. थांबा. मी कान झाकले तर मी रागावलेलो नाही.'

मी ते वाचलं आणि ब्रश खाली ठेवला. मास्तरांचं गावात वजन. मांडवात असा बोर्ड? आणि तोही माझ्या हातचा, त्यांच्याच शेडमध्ये रंगवलेला. मी म्हणालो, "बघूया हां."

"बघूया म्हणजे कधी?" तो म्हणाला.

मी पत्रा पुसत राहिलो. तो थांबला. त्याला थांबता येतं, मला येत नाही. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं की गुरुवारी तुला दापोलीला न्यायचं आहे, मीच नेणार आहे, बागा वगैरे काही नाही, लग्न होईपर्यंत तू तिथेच राहणार.

मला वाटलं आता ओरडेल. त्याने विचारलं, "कितीची गाडी?" मी वेळ सांगितली. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला का सांगितलं नाही?"

तुला त्रास होईल म्हणून, असं म्हणणार होतो. पण त्रास तर त्याला आता होतच होता, बोटं डब्याच्या कडेवर सारखी आपटत होती. मी ब्रश काढले आणि बोर्ड रंगवायला घेतला. ते धैर्य होतं की त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून हाताला चाळा, ते मला ठरवता येत नाही.

रंग वाळल्यावर दोन्ही बोर्ड घेऊन तो ओटीवर गेला. मी मागे उभा. काकू, मास्तर आणि ताई तिथेच अक्षतांचे तांदूळ निवडत होते. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मी दापोलीला जाणार नाही. मी लाह्या घालणार. काय काय होणार ते मला माहीत आहे. लोकांना माझं माहीत नाही, म्हणून हा दुसरा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तू सांगितलंस?"

मी होकारार्थी मान हलवली.

"विश्वासाने सांगितलं होतं तुला," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मास्तरांनी चष्मा लावून बोर्ड दोनदा वाचला. मला वाटतं ते चुका शोधत होते आणि त्या सापडेनात. मग म्हणाले, "हा मांडवात नाही लागणार. शंभर माणसं वाचतील."

"वाचायलाच केलाय," तो म्हणाला.

ताईला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. लाह्या त्यानेच घालायच्या, नाहीतर लाह्याच नकोत, असं तिने सांगून टाकलं. बोर्डही राहू दे म्हणाली. काकू उठून आत गेल्या. गुरुवारी मी दापोलीला गेलो नाही. कोणी मला जाऊ नकोस असंही सांगितलं नाही. सकाळी पिशवी भरून पडवीत बसून होतो, गाडीची वेळ टळल्यावर पिशवी रिकामी केली.

लग्नाच्या दिवशी बोर्ड मांडवाच्या पहिल्या खांबाला होता. बांधला मास्तरांनीच, माझ्याशी न बोलता. लोक वाचत होते, काही कुजबुजत होते, एकीने पोराला उचलून वाचून दाखवला. बॅन्ड रस्त्यावरच थांबवला होता. सगळं बरं चाललं होतं, तोवर अकरा सत्तेचाळीस झाले आणि लग्न लागलं नाही.

नवऱ्याकडची एक गाडी मागे राहिली होती. काकूंचा मुलगा माझ्याकडे आला, मनगटावरचं घड्याळ दाखवत. "सत्तेचाळीस झाले. बोर्डवर सत्तेचाळीस आहे." उशिराचं आम्ही काही लिहिलंच नव्हतं. भटजींना, मला, कुणालाच सुचलं नव्हतं, कारण उशीर होणार हे सगळ्यांना माहीतच असतं. मी खिशातला खडू काढला आणि त्याच्या काखेतल्या क्रमाच्या बोर्डवर खाली लिहिलं. 'उशीर झाला आहे. लग्न रद्द झालेलं नाही. एक गाडी यायची आहे. ती आली की लग्न लागेल.' बरोबर लिहितोय की नाही याची मलाच खात्री नव्हती. त्याने ते तीनदा वाचलं. गाडी आली आणि अकरा अठ्ठावन्नला लग्न लागलं.

लाह्या त्याने घातल्या. तीन वेळा, उजव्या हाताने, नाकावर ओला रुमाल धरून. काकू समोर उभ्या होत्या. माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं, पण तिथे काय होतं ते मला वाचता आलं नाही.

तेवढ्यात बोर्ड न वाचलेले एक मामा मागून आले आणि "शाब्बास रे!" म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. तो कान झाकून मांडवाबाहेर निघून गेला. कोणाला ढकललं नाही. कानपिळी राहिली. भटजी थांबले. कोणी म्हणालं, चुलतभावाला बसवा. काकू पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या, "नको. थांबा." बोर्डवरचाच शब्द होता, पण त्यांनी तो तिथूनच घेतला की काय, देव जाणे.

तो विहिरीवर पंपाशेजारी बसला होता. मी दूर उभा, जवळ जावं की नको अशा पेचात. तेव्हा नवरामुलगा आला, मुंडावळ्या वर सारलेल्या, उपरण्याची गाठ सोडवून. येता येता पहिल्या खांबापाशी थांबून त्याने बोर्ड वाचलेला मी लांबून बघितला होता. तो वळसा घालून समोरून आला, दोन हात अंतरावर उकिडवा बसला आणि म्हणाला, "कान आत्ता पिळतोस की नंतर?"

मग तो थांबला. पितळी बादलीत नळाचं पाणी टपटपत होतं. एवढा वेळ लग्नातला नवरा विहिरीवर बसलेला मी कधी बघितला नाही.

"आत्ता," हा म्हणाला. हात पुढे केला आणि कान पिळला. मी जवळून बघितलं. बरोबर एवढाच.

काकू माझ्याशी महिनाभर बेताने बोलल्या, मग पहिल्यासारखं बोलायला लागल्या. त्या गुरुवारचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मलाही काढवला नाही. त्यांचं मी चांगलं केलं की विश्वासघात केला, हे मनात घोळत राहिलं. शेवटी एकदा नऊ दहाला मी त्यालाच विचारलं.

त्याने बराच वेळ घेतला. "आधी तू खोटं बोललास," तो म्हणाला. "मग खरं बोललास."

आणि समोरच्या बोर्डकडे बघून म्हणाला, ळ अजून वाकडाच आहे.