तटाला टेकलेले घर

बारा मार्च, सकाळचे साडेसात. मजूर किल्ल्यावर चढून आले आणि हत्यारे खाली ठेवून बसून राहिले. मुकादम दिगू म्हणाला, “सायबानू, गाऱ्हाणा झाल्याबिगर कोण हात लावचो नाय.”

मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचा इंजिनिअर. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून हे काम स्वीकारले होते. धामापूरच्या पुढचा हा लहानसा डोंगरी किल्ला. त्याच्या पश्चिम तटाला पोट सुटले होते. तट म्हणजे सलग दगड नव्हे. बाहेरून एक भिंत, आतून एक, आणि मधे दगडगोटे व चुन्याची भर. भरीत पाणी मुरले की भिंत फुगते. त्यालाच आम्ही पोट सुटणे म्हणतो.

पाणी येत होते तटाला टेकलेल्या एका घराच्या छपरावरून. किल्ल्यावरच्या जुन्या वस्तीतले ते शेवटचे घर, तातूंचे. तातू सत्तरी ओलांडलेले. त्यांचे पूर्वज किल्ल्याच्या दरवाज्याची राखण करीत. घर पाडण्याचा आदेश झाला, तेव्हा मी खात्यातल्या अधिकाऱ्यांना फोन केला होता.

“छपराला पन्हळ लावू. पाणी तटापासून दूर जाईल. एक पावसाळा पाहू.”

“आणि घर?”

“राहील.”

“साहेब, किल्ल्यात वाळत घातलेले कपडे दिसले की तो किल्ला वाटत नाही. तट मोकळा हवा.”

मी पुन्हा फोन केला नाही.

गाऱ्हाणे म्हणजे जागेच्या राखणदार देवाला घातलेले साकडे. एक जण मागणे बोलतो. बाकीचे प्रत्येक मागण्याला “व्हय म्हाराजा” म्हणतात. ही साथ आली नाही तर मागणे पोहोचत नाही, असे मानतात. किल्ल्यावर गाऱ्हाणे घालण्याचा मान तातूंच्या घराचा.

“दुसरे कोणी घालील,” मी म्हणालो.

“मान त्येंचो,” दिगू म्हणाला. “दुसऱ्यान घातला तर आयकतलो कोण?”

तातू आदल्याच दिवशी सामान घेऊन खाली मुलाकडे गेले होते. मी उतरून तिथे गेलो. ते खळ्यात काजू वाळत घालीत होते. मी काम सांगितले.

“म्हणजे माझाच घर मोडूक मीच गाऱ्हाणा घालू?”

“मजुरांच्या सुरक्षिततेसाठी.”

“सायबानू, तुमका घर मोडूक येता. गाऱ्हाणा तेवढा घालूक येना नाय?”

ते आत गेले आणि नारळ घेऊन आले. “चला. पोरांचे हातपाय मोडूक नको.”

घराशेजारी तटातल्या कोनाड्यात राखणदाराचा दगड होता. तातूंनी दिवा लावला.

“बा राखणदारा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ही लेकरां पोटासाठी तुज्या दारात इली आसत. कोणाक इजा होव देव नको, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“सायब वयान झालेलो. उतरताना त्येचो पाय घसरता. त्येकाय सांबाळ, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” काही जण हसले.

तातूंनी दिव्याची वात सारखी केली. “उद्यापासून हय दिवो लावक कोण नाय. काळोखात ऱ्हवाची सवय कर, म्हाराजा.”

साथ आली नाही. दिगू जमिनीकडे पाहत होता. तातू हात जोडून उभेच राहिले.

शेवटी मी म्हणालो, “व्हय महाराजा.”

उच्चार त्यांच्यासारखा नव्हता. कोणी हसले नाही. तातूंनी नारळ फोडला, त्याची एक कवड प्रसाद म्हणून घेतली आणि पहिले कौल उतरण्याआधी ते निघून गेले.

पुढे तटाची दुरुस्ती पूर्ण झाली. तट सरळ आहे. फोटोंत चांगला येतो. तातू पुन्हा वर आले नाहीत. त्यानंतरच्या कामांत मी एक नियम पाळला: पाणी वळवता येत असेल, तर माणूस हलवू नये. नियम योग्य आहे. त्या घराला त्याचा उपयोग नाही.

गाऱ्हाणे झाले त्या संध्याकाळी घराच्या भिंती जमिनीला लागल्या होत्या. कोणालाही इजा झाली नव्हती. मजूर उतरल्यावर मी चुन्याच्या खड्ड्यावर ओली गोणपाटे टाकली. कोनाड्यातला दिवा विझला होता. शेजारी तातूंची तेलाची बाटली आणि काड्यापेटी तशीच होती. दिवा मी लावला नाही. तो मान माझा नव्हता. काड्यापेटी सर्दावू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि जागच्या जागी ठेवली.