सुजात हरवला आहे, मेलेला नाही

वामन गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याचं अभिनंदन केलं. हे वाक्य लिहिताना माझे मलाच कान उपटावेसे वाटतात, पण झालं ते असंच. सकाळी अंगणात चहा पीत बसलो होतो, चष्मा आत राहिला होता. मोबाईलवर आमच्या गावाच्या ग्रुपवर फोटो आला... खाकी गणवेशातला वामन आणि चौफेर फुलं. मला वाटलं, एसटीत विनाअपघात गाडी चालवल्याचा बिल्ला मिळाला गड्याला. मी तत्परतेनं लिहिलं, ‘अभिनंदन वामनराव! आता पार्टी पाहिजे!’ आणि पुढं तीन केक. माझ्या बायकोनं, मंदानं, मागून डोकावून पाहिलं आणि माझ्या हातातला फोनच ओढला. “अवो, काय केलं हे? वामनभाऊ गेले ना!”

मग चष्मा लावून वाचलं. फोटोखाली लिहिलं होतं, ‘ज्याचा पोरगा गायब झाला होता तो मेडशी रोडवरचा डायवर आज पहाटे अटॅकने वारला.’ बस, एवढंच. माझ्या केकांवरून गावानं मला पुढं आठवडाभर धुतला, आणि ते बरोबरच होतं. पण मला आजही विचारायचं आहे की, ज्यानं हा निरोप लिहिला त्याचे दोन्ही डोळे तर शाबूत होते ना? आयुष्यभर या भागातल्या माणसांना बाजाराला, दवाखान्यात, लग्नाला सुखरूप नेऊन आणणाऱ्या माणसाला गावच्याच ग्रुपवर नाव मिळू नये? त्याचं नाव वामन होतं. आम्ही एका बाकावर बसून शिकलो. मी दोनदा नापास झालो तेव्हा तो पुढं निघून गेला, आणि जाताना म्हणाला होता, “दिन्या, बाक सांभाळून ठेव बे, माहे पोरं येतीन तिथंच बसाले.”

त्याचा पोरगा सुजात. आला, बसलाही त्याच शाळेत. नऊ वर्षांचा झाला तोपर्यंत बापाइतकाच बडबड्या. त्या रविवारी वामनची ड्यूटी आमच्याच रस्त्यावर होती, म्हणून पोरगा हट्टानं त्याच्या गाडीत मालेगावला गेला. परतीला वामननं त्याला गावच्या फाट्यावर उतरवलं. फाट्यापासून गाव हाकेवर नाही, पण फार लांबही नाही. दोन्ही बाजूंनी तूर, मधून कच्चा रस्ता. आमच्याकडची सगळीच पोरं त्या रस्त्यानं एकटी येतात-जातात. गाडी गच्च भरलेली, तिला थांबवून ड्रायव्हर पोराला घरापर्यंत सोडायला कसा जाणार? पोरानं हात हलवला, वामननं हॉर्न दिला आणि गाडी पुढं नेली. त्यानंतर सुजात कोणाला दिसला नाही. विहिरी उपसल्या, तुरी धुंडाळल्या, पोलिसांनी कुत्रं आणलं, ते फाट्यावरच घुटमळलं... आणि तपास आजही तिथंच घुटमळतो आहे.

तपास थांबला, चर्चा मात्र थांबली नाही. पोराला शेवटचं पाहिलं कोणी? तर बापानं. एवढं एक सूत लोकांना पुरलं, त्यावर त्यांनी पंधरा-सोळा वर्षं दोर वळला. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मी काय काय ऐकलं आहे! वामननं गुप्तधनासाठी पोरगा बळी दिला म्हणे. मग धन कुठाय, असं विचारलं की, “लागलं नसन.” वामननं पोरगा विकला म्हणे. पोरगा माईच्या माराला भिऊन पळाला म्हणे. ज्यांना स्वतःची शेळी संध्याकाळी सापडत नाही ते वामनचा पोरगा कुठं गेला ते बसल्या जागी सांगत. आणि हे सगळं वामनच्याच गाडीत, त्याच्या पाठीमागच्या बाकांवर बसून! तो आरशात पाहत राहायचा, गिअर बदलायचा, आणि सांगणाऱ्याचं गाव आलं की गाडी बरोबर त्याच्या घरासमोर उभी करायचा. मी म्हणायचो, “अबे, उतरवून देत जा अशांले मधातच.” तो म्हणायचा, “उन्हापावसाचं कुठं उतरवू लेका? त्याचीबी माय वाट पाहत असन.”

पुढं मोबाईलवाले पत्रकार आले. हातात माईक, मागं मोटरसायकल. त्यातला एक थेट मला भेटला. वामनचा जिवलग मित्र म्हणून माझी मुलाखत! मी घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. म्हटलं, आज सगळ्यांची तोंडं बंद करतो. माईकसमोर ठणकावून बोललो, “वामनवर संशय घेणाऱ्यांनी आधी त्याच्या घरी जाऊन बसावं, त्या माउलीचा चेहरा पाहावा आणि मग तोंड उघडावं!” संध्याकाळी अख्ख्या तालुक्यानं पाहिलं ते असं. धाडधाड वाजणारं संगीत, माझा तेलकट चेहरा, माझ्या तोंडून निघालेले “वामनवर संशय” एवढेच दोन शब्द, आणि खाली लाल अक्षरांत ‘जिवलग मित्रानेच फोडली वाचा!’ मी तसाच वामनच्या घरी धावलो. तो ओट्यावर बसून तेच पाहत होता. त्यानं पाहून घेतलं, फोन खाली ठेवला आणि म्हणाला, “दिन्या, शर्ट मात्र चांगला दिसून राह्यला तुहा.”

त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं मोटरसायकलवर शोधायला निघायचो. बाजार, जत्रा, रसवंत्या, वीटभट्ट्या. मी मागं बसून दोन्हीकडं नजर ठेवायची, अशी वाटणी. नजर कशी, ते तुम्हाला कळलंच आहे. कितीतरी वर्षांनंतरची गोष्ट, कारंज्याच्या बाजूला धनजकडं एका बाजारात गेलो होतो. तिथं मला गोड शेवेच्या दुकानासमोर एक पोरगा दिसला. तोच भांग, तसेच पुढं आलेले दात. सुजातच्या कानामागं भाजल्याचा डाग होता. मी कसलाही विचार न करता जाऊन त्या पोराचा कान पुढं ओढला. पोरगं किंचाळलं, त्याची माय किंचाळली, आणि कोणीतरी ओरडलं, “पोरं धरणारे आले!” त्या दिवसांत मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या, हे आमच्या ध्यानातच नव्हतं. वामन मला सोडवायला आत घुसला. त्याच्या खिशातून सुजातचा फोटो पडला. झालं! “हे पाहा, कोणतं पोरगं उचलायचं त्याचा फोटोबी संगंच घेऊन फिरतात!” माझ्या पाठीत दोन बसल्या, चष्मा गेला. वामनची कॉलर धरलेली. तेवढ्यात एक म्हातारी गर्दीत शिरली आणि तिनं पुढच्या माणसाच्या हातावर फटका मारला. “सोड मुडद्या! हा आपल्या गाडीचा डायवर हाय. माही सून अडली असताना यानंच दवाखान्याच्या दारात गाडी नेली व्हती.” मग खरं काय ते सांगितलं. हात खाली आले, कोणी पाणी दिलं. आणि मिनिटभरानं, ज्यानं कॉलर धरली होती तोच माणूस जवळ सरकून हळूच विचारतो कसा, “मंग खरं काय झालं व्हतं हो, भाऊ? तुमाले तं माहीत असन.”

परत येताना एका निंबाखाली वामननं गाडी थांबवली. मला वाटलं, रडतो आता. तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला. “अबे दिन्या, कोन्या पोराचा कान धरला बे तू?”

“तसाच दिसत होता रे... अगदी नऊ वर्षांचा.”

“तं सुजात नऊवरच थांबला काय? मिशा फुटल्या असतीन आता त्याले. तुह्यापेक्षा उंच झाला असन.” मग हसणं थांबलं. “मी कवापासून जवान पोरं पाहून राह्यलो, अन् तू अजून चड्डीवालेच धरतं.”

मी एवढा मोठा शहाणा, पण हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सगळ्या तालुक्याच्याही आलं नव्हतं. आमच्या सगळ्यांसाठी ते पोरगं फोटोतच थांबलं होतं, आणि फोटोत थांबलेल्याला मेलेला म्हणायला कितीसा वेळ लागतो? एकटा बाप त्याला दरवर्षी वाढवत होता. आवाज फुटला असेल, कुठंतरी कामाला लागला असेल, कदाचित आपल्याला ओळखणारही नाही... हे सगळं धरून. तेव्हा मला कळलं की, नोकरीत इतका जुना झाल्यावरही हा माणूस लांबच्या जलद गाड्या का घेत नाही. त्या सगळीकडं थांबत नाहीत म्हणून. फाट्याफाट्यावर उभी राहणारी साधी गाडी तो मागून घ्यायचा. धम्मचक्र दिनाला नागपूरच्या जादा गाड्या लागल्या की त्याचं नाव पहिलं. तिथं तर काय, माणसांचा समुद्र. टपरीवर याचंही भाष्य झालंच. “पापं धुवाले जाते.”

वामन गेल्यावर सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीनं श्रद्धांजलीचा, कार्यक्रम ठरला. फ्लेक्सचं काम वामनच्या बायकोनं, वच्छलावहिनींनी, माझ्यावर सोपवलं. त्यांना अजून माझा अनुभव पुरेसा आला नसावा. मी मालेगावच्या फ्लेक्सवाल्याला फोन केला, दोन फोटो पाठवले. म्हटलं, मोठा वामनचा टाक, बाजूला पोराचा, बाहेरगावचे लोक येतील, न जाणो कोणी ओळखेल. त्यानं तयार झालेला नमुना पाहायला पाठवला. मी तुरीच्या वावरात होतो, ऊन डोळ्यावर, चष्मा... जाऊ द्या. मी ‘ओके’ लिहून टाकलं.

सकाळी चौकात पंधरा फुटी फ्लेक्स उभा. वामनच्या फोटोला हार, आणि सुजातच्या फोटोलाही हार. आमच्याकडं बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात. ते दोघांच्याही नावाआधी. फ्लेक्सवाल्याला मी कोणत्या तोंडानं बोलू? अशा फ्लेक्सवरच्या चेहऱ्याला हार घालायचा ही त्याची रोजची रीत, आणि हे पोरगं तर सगळ्या जिल्ह्यानं चघळलेलं. पण चौकात जमलेली माणसं आमचीच होती. त्यांनी तो वाचला होता, आणि कोणालाही काही चुकलंय असं वाटलं नव्हतं! मी शिडी आणायला धावलो तर एकजण म्हणतो, “राहू दे ना गुमान. खोटं काय हाय त्यात?”

तोवर वच्छलावहिनी आल्या. त्यांनी फ्लेक्सकडं पाहिलं. “माह्या पोराले हार कोणं घातला?”

मी तोंड उघडायच्या आत आमचे सदाशिवकाका पुढं झाले. माणूस वाईट नाही, त्यांना चांगलंच करायचं असतं, तीच तर अडचण. म्हणाले, “पोरी, चुकीनं झालं पण बरं झालं समज. इतके वर्ष झाले. दोघांचंबी संगंच करून टाक. पोराच्या जिवाले शांती भेटन, तुह्याबी.”

“काका, तुमचा नातू पुण्याले हाय ना? चार-चार महिने फोन नाई येत म्हणता त्याचा. त्याचंबी टाकता काय करून, संगंच?”

वहिनी माझ्याकडं वळल्या. “भाऊजी, दुसरा करून आणा. खाली शोकाकुल लिवतात ना, तिथं पयलं नाव सुजातचं पाह्यजे.”

“अवो पण,” मागून कोणीतरी बोललंच, “त्याले कुठं माहीत हाय बाप मेला ते? शोक कसा करन तो?”

“माहीत नाई म्हणून त्याचा बाप नव्हता काय?”

मी मोटरसायकल काढली आणि दुपारपर्यंत दुसरा फ्लेक्स आणला, यावेळी चष्मा लावून, दुकानात खुर्ची टाकून, अक्षर न् अक्षर वाचून. वर एकटा वामन. खाली शोकाकुल, आणि पहिलं नाव सुजात वामन. मागाहून वच्छलावहिनी, मग बाकीचे.

पहिल्या फ्लेक्सचं काय करायचं, जाळून टाकू का, असं मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “जाळायचं नाई, भाऊजी. पोराचं तोंड हाय त्याच्यावर. ठेवा कुठं कोरड्यात.” म्हणून तो गुंडाळून आमच्या घरात, धान्याच्या कोठीमागं उभा केला आहे. आमच्याकडं फ्लेक्स वाया जात नाही. पुढारी असो की मयत, महिन्याभरात तो गुरांच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर किंवा शेळ्यांच्या गोठ्यावर चढतो. गेल्या आठवड्यात आमचं सोयाबीन अंगणात पसरलेलं होतं आणि भर दुपारी आभाळ फाटलं. मंदा आत धावली, कोठीमागची गुंडाळी ओढून बाहेर आली. मी ओरडलो, “तो नको!” ती थांबली. गुंडाळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आत जाऊन ती जागेवर ठेवली आणि घरातल्या चादरी, सतरंज्या, तिच्या माहेरच्या दोन गोधड्या घेऊन आली. त्यांनी काय पाणी अडतंय! अर्धं सोयाबीन भिजलं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. “घरात पंधरा फुटाचा फ्लेक्स, अन् हा गोधड्यांनी सोयाबीन झाकते!” कोणी म्हणालं, वामनच्या धक्क्यानं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, ते पहिल्यापासूनच फिरलेलं आहे, मेलेल्या माणसाला केक पाठवणारा हाच ना? कोणी माझ्या शाळेतल्या नापासांपर्यंत मागं गेलं. संध्याकाळपर्यंत माझ्या येडेपणाची कारणमीमांसा रंगली, आणि मी तिथंच बसून राहिलो. एरवी भांडलो असतो. त्या दिवशी मी सगळ्यांना आणखी एकेक चहा सांगितला आणि म्हटलं, बोला, अजून बोला... तेवढा एक दिवस तरी फाट्यावर कोणाला सुजातला मारायला सवड मिळाली नाही.