पियानोला लावलेलं खोबरेल

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं कधीच पटलं नाही, आणि त्याचं मूळ माझ्या माहेरहून आलेल्या पियानोत आहे. लग्नानंतर तो टेंपोतून माणगावमार्गे दिवेआगरला आला, तेव्हा उतरवताना गड्यांचा जीव मेटाकुटीला आला. मामा, म्हणजे माझे सासरे, ओटीवर उभे राहून नुसते बघत होते. मग म्हणाले, "ह्या पेटाऱ्यापायी सुपारीची पोती कुठं ठेवायची?" पोती पडवीत गेली, पियानो माजघराशेजारच्या खोलीत राहिला. मी वाजवायला बसले की मामा हटकून वाडीला पाणी द्यायला जात. वादळात अर्धी वाडी आडवी झाली, तेव्हाही मला ऐकवून झालं, "माड पडले, ह्यो मात्र हालला पण न्हाय." जसे काही मीच माड पाडले होते!

गेल्या हिवाळ्यात माझी कॉलेजातली मैत्रीण येते म्हणाली. ती धातूची, आडवी धरायची पाश्चात्त्य बासरी वाजवते, मुंबईत कार्यक्रम करते. आमच्या होमस्टेचे पाहुणे आणि गावातली चार माणसं यांच्यासमोर बासरी आणि पियानो असं दोघींनी मिळून तासभर वाजवायचं ठरलं. तिच्यासाठी ती सहल होती. माझ्यासाठी काय होतं, ते मी कुणाला बोलले नाही. लग्न झाल्यापासून मी लोकांसमोर वाजवलंच नव्हतं. या घरात मी पाहुण्यांना मोदक करून घालणारी बाई होते. एकदा तरी या घरातल्या माणसांनी, खरं तर एकाच माणसाने, खाली बसून मला ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

आदल्या दिवशी मी बाजाराला बोर्लीला गेले होते. कार्यक्रमाच्या सकाळी मैत्रीण बासरीचे तीन भाग जोडून उभी राहिली आणि मी डाव्या हाताने खालच्या स्वराची पट्टी दाबली. ठप्प. दुसरी दाबली, तीही ठप्प. ओल्या गोणीवर काठी मारावी तसा आवाज. पुढची फळी काढून बघते तर खालच्या जाड, तांब्याची तार गुंडाळलेल्या तारा नुसत्या चकाकत होत्या. बोट लावलं. खोबरेल! वेटोळ्यांत पार मुरलेलं. वेटोळी नसलेल्या वरच्या स्वरांच्या तारा तेवढ्या वाजत होत्या.

आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. कोयता, अडकित्ता, कुलूप, सायकलची साखळी, सगळ्यांना घरोघर खोबरेल चोळतात. कुणी केलं हे विचारायची गरजच नव्हती. मी अंगणात जाऊन पाहुण्यांच्या देखत ओरडले, "मामा, हे तुम्ही मुद्दाम केलंत!"

ते सुपारी सोलत होते. वरही न बघता म्हणाले, "गंज चढत व्हता. पुसला. चार मानसं येनार घरात."

"माझ्या वस्तूला हात का लावलात?"

"घरातलीच हाय ना वस्तू?"

त्या उत्तराने माझं डोकं आणखीच फिरलं. इतकी वर्षं तो पेटारा माझा होता, आणि नेमका आज तो घराचा झाला. आत आले तर मैत्रीण वेगळीच तयारी करून बसलेली. "अगं, असल्या डब्याबरोबर वाजवून मी माझं हसं करून घेणार नाही. मी एकटीच वाजवते. तू आरामात बसून ऐक." तिच्या आवाजातला गोडवा ऐकून तिला त्याच पावली परत धाडावंसं वाटलं.

उन्हं कलल्यावर माणसं जमली. पियानो बिघडलाय, आज फक्त बासरी, असं तिने हसत सांगितलं. मी माझ्याच घरात मागच्या खुर्चीवर बसले. ती वाजवत होती छानच, आणि मला त्याचाही राग येत होता. पहिली रचना संपली, टाळ्या पडल्या आणि पुढच्या रांगेतून मामा उठले. ते धुतलेला सदरा घालून आलेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"थांब जरा, बाय," ते तिला म्हणाले. "आमच्या सुनेचा पन हाय ना कार्यक्रम? तिला बसव."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आता नाही म्हणणं म्हणजे चारचौघांत शोभा. मी दातओठ खात पियानोपाशी जाऊन बसले. दोघींनी एकदम सुरू करायचं तर बासरीवालीने श्वास ऐकू येईल असा घेऊन इशारा द्यायचा असतो. तो तिने दिलाच नाही. मी मागून धावत तिला गाठलं. उजवा हात वाजत होता, डावा नुसता पाट बडवत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि पांगले. मैत्रीण न जेवताच गाडीत बसली. मीही थांब म्हटलं नाही.

मामा पियानोजवळ आले. एक खालची पट्टी त्यांनी बोटाने दाबली, मग पुन्हा दाबली.

"ह्यो आवाज तेलानं गेला?"

"हो. तुमच्यामुळे. किती वर्षं वाट बघितली होती मी आजची. सगळी मातीत घातलीत."

"तारांना तेल चालत न्हाय, हे सांगितला का न्हाईस कधी?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "आता इचारतो. सांग, काय चालतं ह्याला."

मी झाकण आपटून बंद केलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. ते बराच वेळ तिथेच बसून होते म्हणे. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.