सही नसलेलं चित्र

रस्त्यात कुणी उतरून टाकलेलं लिंबू दिसलं तर ते उचलून सरबत करणाऱ्यांपैकी मी आहे. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... मीही हसले असते.

आम्ही वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो. नवरा वर्कशॉपमध्ये, मी पोर्ट्रेट काढते. म्हणजे काढायचे. गेली दोन वर्षं कॅनव्हाससमोर बसलं की हात थिजायचा. काढलेलं खोटं वाटायचं, पुसायचं, परत तेच. नंतर नंतर तर वाटायला लागलं, मला कधी येतच नव्हतं, लोक आपले चांगुलपणानं वाहवा करत होते. फार एकटं वाटायचं.

अशात ओळखीतून जवळच्या निरवांगी गावचे तात्या आले. सत्तरीचे, डाळिंब-भाजीपाला करणारे. बायको वारली होती, वर्षश्राद्धाला फोटो मांडायचा होता. आमच्याकडे हल्ली स्टुडिओवाले आधार कार्डावरचा चेहरा उचलून त्याला कॉम्प्युटरवर नवी साडी नेसवतात. तसा एक त्यांनी करून आणला होता.

"ही आमची न्हाय, ताई," तात्या म्हणाले. "कॅमेऱ्याला भ्यालेली कुनीतरी बाई हाय. तुमी हातानं काढा. जमंल न्हवं?"

नाही म्हणायला हवं होतं. पण ते इतक्या आशेनं बघत होते की मी हो म्हणून बसले. मनात मात्र ठरवलं — हे जमलं नाही तर ब्रश कायमचे बंद. रंग कळावा म्हणून तात्या तिची रोजची हिरवी साडी ठेवून गेले. ती मी समोरच्या खुर्चीवर टाकली.

कपाळ झालं, डोळे झाले, पदर झाला. ओठ काही होईनात. फोटोतले ओठ भीतीनं आवळलेले, आणि एरवी ती कशी दिसायची हे मला कुठून ठाऊक? रोज काढायचे, रोज टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसायचे. श्राद्ध परवावर आलं. त्या सकाळी पुन्हा पुसले, तिथं नुसता राखाडी डाग उरला. फडकं फेकलं आणि ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं, कुलूप लावलं आणि बाजारात गेले — स्वयंपाकाला भाजी तरी हवी ना! दुसरी किल्ली नवऱ्याच्या खिशात, आणि तो ड्यूटीवर.

परत आले तर ओठ होते.

रंग ओला होता. हसू दाबून धरलेले ओठ, एका कोपऱ्यातून ते हसू जरासं निसटलेलं. वाटलं, मीच काढले असतील, रडण्याच्या भरात विसरले. तसं असतं तर मी नाचले असते! पण जवळ जाऊन पाहिलं. उजव्या हातानं काम करणाऱ्याचे ब्रशचे फटकारे एका बाजूला झुकतात. माझेही तसेच. या ओठांवरचे बरोबर उलटे झुकले होते, आणि ब्रश पॅलेटच्या डाव्या अंगाला ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. चित्राच्या अगदी जवळ गेले.

"हसू दाबलं की अशीच दिसायची," ते म्हणाले. "तुमाला कसं कळलं, ताई?"

मी विचारलं, "तात्या, त्या डावखुऱ्या होत्या का?"

"व्हय की! आमच्या आयनं लई धाक घातला, तवा उजव्यानं जेवाय लागली. पर दारात रांगोळी रोज डाव्याच हातानं. बाया बघाय यायच्या. कुनी सांगितलं तुमाला?"

मी खुर्चीवरच्या साडीची घडी घालायला घेतली. त्यांनी डोळे पुसले आणि चित्राच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "हितं नाव घाला की तुमचं."

ब्रश उचलला... आणि खाली ठेवला. "राहू दे, तात्या."

ते चित्र आणि साडी दोन्ही घेऊन गेले.

डाव्या हातानं मी ओठ काढून पाहिले, साधी रेघ सरळ येत नाही. डॉक्टर मैत्रीण म्हणते, ताणामुळे माणूस काहीतरी करतो आणि विसरतो. असेल. पण उलटे फटकारे कसे, हे विचारलं की तीही विषय बदलते.

श्राद्धाला आलेल्यांनी ते चित्र पाहिलं. आता लोक फोटो घेऊन येतात, तसेच जिवंत ओठ हवेत म्हणतात. मी बसते. कपाळ होतं, डोळे होतात. ओठ काढले की खोटे वाटतात, पुसते, आणि हात थांबतो. मग मी कुलूप लावून बाजारात जाते, मुद्दाम उशीर करते, नको असलेली भाजीसुद्धा घेते.

परत येते, तेव्हा राखाडी डाग तसाच असतो.