सव्वा मूठ गहू

देवीबिवी अंगात येणं, इशारे मिळणं... मी या सगळ्याची आजवर टिंगलच केली आहे. पपईचा शेतकरी मी, डोळ्यांनी दिसेल तेवढंच मानतो. तरी हे लिहितोय.

आम्ही शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीचे. कोविडची लस घरात सगळ्यांनीच घेतली, कुणाला काही झालं नाही. धाकट्या भावाला, संजूला मात्र काही आठवड्यांनी कावीळ झाली. सुरतच्या डॉक्टरांनी यकृताचा तुकडा तपासून सांगितलं — ऑटोइम्यून हिपॅटायटिस. म्हणजे शरीरच आपल्या यकृतावर उठलंय. "लसीमुळे का?" मी विचारलं. "लसीनंतर झालं एवढं खरं. लसीमुळेच, असं नाही सांगता येत. फार क्वचित दिसतं हे." स्टिरॉईड सुरू झालं, पण संजू गुंगीतच. मलाच विचारायचा, "तू कोन शे?" डॉक्टर यकृत बदलण्याचं बोलू लागले.

त्यात श्रावणातली कानबाई आली, आमच्या खानदेशात घरोघरी बसवतात त्या देवीचा सण. आमच्याकडे आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजतात. त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, लग्न झालेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत. त्या दुपारी मी सुरतच्या दवाखान्यात संजूच्या उशाशी बसलो होतो. संजूने एकदम डोळे उघडले आणि स्वच्छ बोलला, "वहिनीले सांग... मन्हा नावना गहू र्‍हाई गयात." परत डोळे मिटले.

मी बायकोला फोन लावला. ती नुकतीच चक्कीवरून आली होती. आधी चिडलीच, "काहीतरीच काय! मी सोता मोजेल शेतस." मग एकेक नाव आठवू लागली... "ओ माय वं! त्यानंच नाव र्‍हाई गयं!" दवाखान्यात आहे, म्हणून ते तिच्या तोंडी आलंच नव्हतं. मागून आईचा आवाज आला, "जित्ता शे ना मन्हा पोर्‍या? मंग मोज त्यानी मूठ!" बायको रडत रडत पुन्हा चक्कीवर गेली.

दुसर्‍या दिवशी संजूने माझ्याकडे पाहिलं. "दादा, भूक लागनी." मी तिथेच ढसाढसा रडलो.

डॉक्टर म्हणाले, स्टिरॉईड लागू पडलं. शंभर टक्के मान्य! गोळ्या अजून चालू आहेत, मीच आठवण करून देतो. रोटाने कावीळ बरी झाली असं मी मुळीच म्हणत नाही.

पण ते गहू? मोजणारीला कळलं नाही, आईला कळलं नाही. संजूला विचारलं तर हसतो, "मी आसं बोलनू?" त्याला काही आठवत नाही. मोठ्या भावाला न ओळखणार्‍या माणसाला, घराने आपल्याला वगळलंय हे कुणी सांगितलं?