तरोट्याचं बी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीमागे एक मोकळा प्लॉट होता. कुणीतरी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेला. आयटी आली, भाव चढले, आणि तिथे मालकाऐवजी गाजरगवत राहायला आलं. त्याला पांढरी फुलं आली की माझ्या सात वर्षांच्या लेकीला धाप लागायची. छाती नुसती भात्यासारखी वर-खाली. डॉक्टर म्हणाले, ते गवत काढून टाका. जसा काही माझ्या बापाचा प्लॉट!

त्या मे महिन्यात शेजारी नवे आजोबा आले. मुलगा कॉम्प्युटरवाला, वडील अकोल्याकडचे. भर दुपारी सोसायटी झोपली की हे गृहस्थ मागच्या भिंतीशी उभे राहून पिशवीतून मुठी भरभरून काहीतरी पलीकडे फेकायचे. मी खिडकीत दिसले की मुकाट्याने आत. माझ्या मनात पाल चुकचुकली.

जूनमध्ये पलीकडे टाकळा उगवला, चांगला दाट. अच्छा! म्हणजे आधी भाजी, मग तारेचं कुंपण, मग नावाची पाटी. कब्जे असेच तर होतात.

"अगं, जागा काय आपली आहे?" नवरा म्हणाला.

"तुम्ही पेपर वाचा," मी म्हटलं, आणि रविवारी पलीकडे जाऊन सगळा टाकळा उपटून काढला. आजोबा गॅलरीतून बघत राहिले. चोर कशाला तोंड उघडतोय!

गणपती येईपर्यंत त्याच जागी गाजरगवत कमरेएवढं झालं. पांढरंफेक. शाळेतून आलेली लेक दुसऱ्या मजल्यावर पोचेना, पायरीवरच बसली. आजोबा पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"बाई, तरोटा कायले उपटला?" ते म्हणाले. टाकळ्याला त्यांच्याकडे तरोटा म्हणतात. "तो दाट झाला का गाजरगवताले जागाच भेटू देत नाही. पोरीचा खोकला भिंतीतून ऐकू ये मले, म्हनून टाकला होता."

"मग सांगायचंत ना!"

"तुमी कधी बोल्ल्याच नाही."

खरंच होतं. चार महिन्यांत मी त्यांना साधं 'चहा घेता का' विचारलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अजून आहे का थोडं बी?"

"गावाकडून आनलं होतं, सारं टाकलं. आता उन्हाळ्यात."

लेकीने तांब्या खाली ठेवला. दोनदा श्वास घेऊन म्हणाली, "आई, उन्हाळा कधी येतो?"