दो रुखला चुकलेला ठोका

"सर, तुमचं म्हणणं खरं निघालं," डॉक्टर म्हणाले आणि कागद माझ्याकडं फिरवला. "हार्ट ब्लॉक आहे."

माझी बायको सुमन लगेच रडायला लागली. आमच्याकडं ब्लॉक म्हणलं की नळी तुंबली, एवढंच कळतं. डॉक्टरांनी समजावलं, हा ब्लॉक वेगळा. ठोका दे म्हणून हृदयाला सांगणारी वीज वाटेतच अडते. मी जोरात हालचाल केली की ती अडायची, बसलो की परत चालू. मला मात्र, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. कितीतरी दिवस घरात मला कुणी खरं मानलं नव्हतं.

मी किनवटच्या निवासी शाळेत पीटी शिकवायचो. रिटायर होऊन नांदेडला आलो, तरी जयंतीच्या मिरवणुकीसाठी आमच्या वस्तीचं लेझीम मीच बसवतो. गेल्या वर्षी सरावात दोनदा डोळ्यांपुढं अंधार आला. दुसऱ्यांदा तर पडलोच. ईसीजी, म्हणजे ठोक्यांचा आलेख, काढला तर नॉर्मल. लातूरहून पोरगा फोनवर म्हणाला, "पप्पा, उगं टेन्शन घेऊन राहिले तुम्ही. वय झालं, सोडा लेझीम." उगं म्हणे! लई राग आला मला.

मग नांदेडच्याच हृदयाच्या डॉक्टरांनी छातीवर पॅच चिकटवला. काडेपेटीएवढा, तारा न्हाईत. जुन्या यंत्रात माणूस हलला की आलेखाची नुसती गिचमिड व्हायची. यात हालचाल मोजणारा सेन्सरही असतो, त्यामुळं धक्का कुठला न् ठोका कुठला हे निवडता येतं. "आरामात राहा," डॉक्टर म्हणाले, "अगदी रोजच्यासारखं."

सुमननं त्यातला 'आराम' तेवढा उचलला. तीन दिवस मला पलंगावरून उठू दिलं न्हाई, पाणीसुद्धा हातात. भेटायला येणाऱ्यांना सांगायची, "मशीन लावलंय, हलायचं न्हाई." रिपोर्ट आला एकदम स्वच्छ. पोरगा म्हणाला, "बघा, काय म्हणलो होतो?"

"तीन दिवस काय केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आराम," सुमन अभिमानानं म्हणाली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

या वेळी त्यांनी भरती करून घेतलं आणि नवा पॅच लावला. "पडलात तेव्हा जे करत होता तेच करा. पण घरी नाही, इथं, आमच्यासमोर."

वॉर्डातली ज्योती सिस्टर हे ऐकून पुढं आली. "सर, ओळखलं न्हाई ना? मी किनवटची. मुलींच्या लेझीम पथकात होते." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुठून तरी लेझीम पैदा केलं आणि दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत आम्ही उभे राहिलो. डॉक्टर स्क्रीन घेऊन खुर्चीवर बसले, सुमन डोळे मिटून.

"चार आवाज!" ज्योतीनं ओरडून लेझीमचा पहिला हात पुकारला. बाप रे, तोच सूर! क्षणात मी किनवटच्या ग्राउंडवर होतो. कडेला सागाची झाडं, लांबून रेल्वेची शिट्टी, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून येणारा फोडणीचा वास, आणि साठ पोरं एका ठोक्यावर वाकलेली. घाम आला तशी ज्योती पॅच सुटला का ते दाबून बघायची. आदी लगाव झालं. पवित्रा झाला. 'दो रुख'ला, म्हणजे एकदा इकडं एकदा तिकडं वळायच्या हाताला, वळलो आणि अंधार आला. पडायच्या आधीच तिनं मला धरून खाली बसवलं.

"सापडलं," डॉक्टर म्हणाले.

त्याच दुपारी हार्ट ब्लॉकचा तो कागद त्यांनी दाखवला. मग पेसमेकर बसवला. कॉलरबोनखाली कातडीच्या आत एक छोटी डबी असते, आपली वीज अडली की ती ठोका देते. बसवताना फार दुखत न्हाई, घाबरू नका. डावा हात मात्र सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा न्हाई.

घरी सोडायच्या दिवशी मी ज्योतीला विचारलं, "मी पडणार हे तुला आधीच कसं कळलं?"

"ओठ पांढरे पडले होते, सर." मग ती हसली. "मी पण पडले होते ना, किनवटच्या ग्राउंडवर. तुम्ही म्हणाला, नाटकं बंद कर, ऊठ."

मला आठवेना. शिट्टी आठवते, फोडणीचा वास आठवतो, आणि हे न्हाई.

"मग?"

"मग काय, उठले. उपाशी होते त्या दिवशी, पण तुमच्या धाकानं पूर्ण केलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"चुकलो, ज्योती," मी म्हणालो. तिनं पट्टी नीट केली आणि गोळ्यांच्या वेळा परत एकदा समजावल्या.

डॉक्टरांनी यंदा लेझीमला परवानगी दिली. सराव जोरात चालू होता. एक मुलगी मधेच थांबली, म्हणाली, "सर, कसंतरीच होऊन राहिलं." मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं, "आली का चक्कर?"

"नाटक न्हाई ते!" मी असा ओरडलो की हलगी थांबली. "सावलीत घ्या तिला. पाणी आणा."